फेकलं की गुंता: स्पिनिंग रील बदलण्याआधी काय तपासायचं

लक्षण असं. मासेमारीचा रॉड मागे नेला, ल्युअर (गळ लावलेलं खोटं आमिष) फेकला, पहिला क्षण छान गेला आणि मग ‘फर्रर्र’. साखळीचा हिसका बसलेल्या कुत्र्यासारखा ल्युअर हवेत थबकतो आणि समोर दहा हातांवर पाण्यात पडतो. रॉडच्या पहिल्या मोठ्या कडीपाशी शेवयांचा पुंजका अडकलेला. तो सोडवण्यात वीस मिनिटं जातात. मग पाचसात फेका बऱ्या होतात आणि परत पुंजका. शेवटी कात्री.

न्यू जर्सीत बॅस पकडायला शिकत होते त्या पहिल्याच उन्हाळ्यात मी ह्याच कारणाने एक रील दुकानात परत देऊन आले. काउंटरवरच्या माणसाने काही न विचारता बदलून दिलं. दुसऱ्या रीलने तिसऱ्या दिवशी तेच केलं. तेव्हा कुठे शंका आली की गडबड डब्यातल्या वस्तूत नसावी, ती चालवणाऱ्या हातात असावी.

आता दर वसंतात ओळखीतलं कोणी ना कोणी हाच प्रश्न घेऊन येतं. “रील खराब आलंय का? कुठलं चांगलं घेऊ?” माझं उत्तर ठरलेलं आहे: थांबा, पैसे खर्च करू नका. गुंता ज्या फेकीत दिसतो त्या फेकीत तो तयार झालेला नसतो. आधीच्या कुठल्या तरी फेकीनंतर लाइन, म्हणजे दोरा, गुंडाळताना तो स्पूलवर (रीलच्या ज्या भागावर लाइन बसते त्यावर) पेरला गेलेला असतो आणि चार-सहा फेकांनंतर उगवतो. म्हणून फेकण्याची पद्धत सुधारून तो जात नाही. गुंडाळताना काय होतंय ते बघावं लागतं.

पुढचं सगळं तुमच्या-माझ्यासारख्यांच्या सामानाला धरून आहे: साडेसहा ते सात फुटी मिडियम रॉड, २५०० किंवा ३००० आकाराचं स्पिनिंग रील, आठ-दहा पौंडी लाइन, आणि बोट नाही. फॅरिंग्टन लेकचा काठ किंवा डेलावेअर-रॅरिटन कालव्याची पायवाट, खांद्याला पिशवी, शनिवारची सकाळ. मासा लार्जमाउथ बॅस. (मालवणला फोनवर ‘बॅस’ म्हटलं की लोकांना जिताडा वाटतो, कारण त्याला इंग्रजीत सीबास म्हणतात. दोघांचं नातं काही नाही. लार्जमाउथ हा सनफिशच्या घराण्यातला, म्हणजे काठाशी पोरं पकडतात त्या ब्लूगिलचा मोठा, खादाड चुलतभाऊ. पण जिताड्यामागे किंवा मरळीमागे स्पिनिंग रील घेऊन फिरणाऱ्या तिकडच्या मंडळींनाही हा गुंता चांगलाच ओळखीचा आहे, त्यांनीही वाचायला हरकत नाही.)

आधी निदान: पीळ की ढील?

रोग दोनच आहेत. लाइनला पीळ पडलेला असतो, नाहीतर ती स्पूलवर ढिली बसलेली असते. पतंग उडवलेल्यांना दोन्ही शब्द समजावून सांगायला नकोत.

ओळखायला दोन मिनिटं लागतात. ल्युअर कापून टाका. रॉडच्या टोकातून वावभर लाइन ओढून घ्या, दोन हातांत धरा आणि हात हळूहळू जवळ आणा. लाइन मधोमध नुसती झोळ पडून लोंबली तर पीळ नाही. ती स्वतःभोवतीच गरगर वळून डुकराच्या शेपटीसारखी झाली तर पीळ आहे, आणि भरपूर आहे.

मग स्पूलवर अंगठा दाबा. शिवणयंत्राच्या बॉबिनवर दोरा जसा टणक बसतो तशी लाइन लागली पाहिजे. उशीसारखी दबली, किंवा कडेला एखादा फास उभा राहिलेला दिसला, तर ढील.

मोनो (साधी एकतंतू नायलॉन लाइन) आणि फ्लोरोकार्बनमध्ये (तीही एकतंतू, पण ताठ) बहुधा पीळ सापडतो आणि ब्रेडमध्ये बहुधा ढील. ब्रेड म्हणजे विणलेली लाइन, पावाशी तिचा संबंध नाही. ती इतकी मऊ असते की पीळ असला तरी लवकर दाखवत नाही, त्यामुळे ब्रेडवाल्यांनी पहिली चाचणी चांगली निघाली म्हणून निर्धास्त होऊ नये.

ढील असेल तर

माझा दोष हा होता, आणि नव्या दहाजणांपैकी निम्म्यांचा तरी हाच असतो असं माझं काठावरचं निरीक्षण. बेल, म्हणजे रीलवरची ती उघडमीट होणारी तारेची कमान, आपण हँडल फिरवून मिटतो. ‘खटॅक’ आवाज येतो, छान वाटतं, रील बनवणाऱ्याने ती सोय दिलेलीच आहे. पण त्या क्षणी नेमकं काय होतं ते एकदा रील डोळ्यांसमोर धरून सावकाश बघा. ल्युअर पाण्यात पडलाय, मागे लाइनचा झोळ पाण्यावर पसरलाय, ताण अजिबात नाही. हँडल फिरलं, बेल मिटली आणि पहिले दोन-तीन वेढे त्या झोळातूनच, हवेसारखे सैल, स्पूलवर जाऊन बसले. त्यांतला एखादा फास उभा राहतो. त्यानंतर ल्युअरचं ओझं आलं की पुढचे वेढे त्या सैल फासावर आवळून बसतात. पुढच्या एखाद्या लांब फेकीत वरचे वेढे त्या फासापर्यंत उलगडत जातात, फासाला धरून आठ-दहा वेढे एकदम उठतात आणि सगळी वरात पहिल्या कडीत शिरते. तिथे जागा एकाची, पाहुणे दहा.

उपाय फुकट आहे. ल्युअर पाण्याला टेकला की बेल डाव्या हाताने मिटायची. मग हँडलला हात लावण्याआधी स्पूल आणि पहिली कडी यांच्यामधली लाइन चिमटीत धरून एक हलका झटका द्यायचा, म्हणजे ती बेलच्या टोकाच्या रोलरवर नीट बसते आणि झोळ निघून जातो. त्यानंतर गुंडाळायचं. (उजव्या हाताने हँडल फिरवणाऱ्यांनी हात उलटे समजावेत.) पहिले दोन दिवस वैताग येतो. तिसऱ्या दिवशी हात आपोआप जातो, गाडीत बसल्यावर पट्ट्याकडे जातो तसा.

याच्या जोडीला आणखी एक सवय. ल्युअर पाण्याला टेकण्याच्या जरा आधी, स्पूलमधून सुटणाऱ्या लाइनला तर्जनीचा हलका स्पर्श द्यायचा. ल्युअर टेकतो तेव्हा लाइन सरळ राहते, मागे झोळ उरतच नाही. वारा आडवा असेल तेव्हा ही सवय नसेल तर ब्रेड वापरूच नये असं माझं मत आहे. आडव्या वाऱ्यात ब्रेडचा असा काही फुगा होतो की बेल हाताने मिटूनही पाच-सहा वेढे सैल जातातच. अशा दिवशी रॉडचं टोक पाण्याजवळ ठेवून फेक आडवी आणि बसकी घ्यावी.

ढिलीचं दुसरं उगमस्थान म्हणजे झटके देऊन चालवायचे ल्युअर. पाण्यावरचा पॉपर, किंवा जर्कबेट. त्यांची गंमतच अशी की झटका द्यायचा, मग लाइन सैल सोडायची. ती सैल लाइन आपण तशीच गुंडाळतो. त्यावेळी रॉडवरच्या हाताची दोन बोटं पुढे करून लाइन त्यांच्यामधून जाऊ द्यावी. फार आवळायचं नाही, नुसता ताण राहील इतकंच. दर आठ-दहा फेकांनंतर एखादी लांब फेक करून संपूर्ण लाइन अशी चिमटीतून परत घेतली तर स्पूल टणक राहतो. मी चहाचा घोट घेण्याआधी ती एक फेक करते.

आणि स्पूलवर उभा फास दिसलाच तर? फेकू नका, आणि ‘गुंडाळून घेऊ, दबेल’ असंही करू नका, तो दबत नाही, पुरला जातो. बेल उघडा, लाइन हाताने ओढत रहा, फास सुटेपर्यंत. सुटला की ताण देत परत गुंडाळा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. वीस मिनिटांच्या कामाआधीचं.

पीळ असेल तर

इथे थोडा हिशोब समजून घ्यावा लागतो. स्पिनिंग रीलचा स्पूल गुंडाळताना फिरत नाही. त्याच्याभोवती रोटर फिरतो आणि लाइनचे वेढे घालतो. फेकताना तेच वेढे स्पूलच्या तोंडावरून निसटतात. एक वेढा निसटताना लाइनला एका दिशेने पीळ पडतो आणि तोच वेढा परत घालताना तो उलटा फिरून निघून जातो. जितके वेढे सुटले तितकेच परत घातले, जमाखर्च बरोबर. म्हणजे नुसतं फेकण्या-गुंडाळण्याने पीळ वाढायला नको. तो वाढतो, कारण कुठेतरी रोटर जास्तीचा फिरतो, किंवा पाण्यातलं ल्युअर स्वतःच गरगरतं.

रोटर जास्तीचा कधी फिरतो? मासा लाइन ओढत असताना आपण हँडल फिरवत राहतो तेव्हा. पहिला मोठा मासा लागला की प्रत्येकजण हे करतो. ड्रॅग (मासा जोरात ओढतो तेव्हा लाइन तुटू नये म्हणून स्पूल घसरू देणारा ब्रेक) ‘झीईई’ करून लाइन सोडतोय, मासा लांब चाललाय, आणि आपण घाबरून वेड्यासारखं हँडल फिरवतोय. लाइन इंचभर आत येत नाही, पण रोटर फिरतोच. ६.२:१ असं रीलवर लिहिलं असेल तर हँडलच्या एका फेऱ्यात रोटर सहापेक्षा जास्त वेळा फिरतो. हँडलचे असे २० फेरे म्हणजे १२४ पीळ. एका माशात! मासा सुटतो, पीळ राहतो. सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात, तो सुंभ निदान जळून तरी जातो.

म्हणून ड्रॅग वाजतोय तोवर हँडल सोडा. मासा थांबला की रॉड सावकाश वर उचलून त्याला जवळ ओढा, मग रॉड खाली नेता नेता तेवढीच लाइन गुंडाळा. परत उचला, परत गुंडाळा. कोकणात विहिरीतून पाणी शेंदलेल्यांना ही लय शिकवावी लागत नाही.

अर्थात ड्रॅग इतका सैल ठेवायचा नाही की दर माशाला वाजत बसेल. लाइनच्या ताकदीच्या पाव हिस्सा हे सर्वसाधारण माप. आठ पौंडी लाइनला दोन पौंड, दहा पौंडीला अडीच. मोजायचं कसं? मुंबईच्या विमानाआधी बॅगा तोलायला आपल्या प्रत्येक घरात तो हुकवाला हातकाटा असतोच. लाइनचं टोक हुकाला बांधा, रॉड वाकेल असा धरा, कुणाला तरी काटा ओढायला सांगा आणि कितीवर ड्रॅग सुटतो ते वाचा. माझा ड्रॅग पहिल्यांदा मोजला तेव्हा एका पौंडालाच सुटत होता. इतका सैल ड्रॅग लाइनला पीळ देतोच आणि माशालाही दमवतो. न्यू जर्सीत १५ एप्रिल ते १५ जून सगळे बॅस परत सोडावे लागतात. अंडी घालायच्या दिवसांत मासा दहा मिनिटं खेळवून अर्धमेला परत सोडण्यात काही मजा नाही. दीड-दोन मिनिटांत हाताशी आणून सोडावा.

पिळाचं दुसरं कारण ल्युअर. चमचमतं पातं फिरवणारा इनलाइन स्पिनर नावाप्रमाणेच वागतो आणि पात्याबरोबर हळूहळू सगळा देहही फिरायला लागतो. त्याच्यापुढे बॉल बेअरिंगचा स्विव्हल, म्हणजे लाइनला पीळ न देता गोल फिरणारी छोटी धातूची जोडकडी, हवाच. स्वस्तातला साधा स्विव्हल हलक्या ताणाखाली फिरतच नाही, नुसता दागिना.

सगळ्यांना फसवणारा मात्र रबरी वर्म, म्हणजे खोटं गांडूळ. पाच इंची वर्मच्या मधोमध गळ टोचायचा, त्याला वॅकी रिग म्हणतात. बॅस त्याच्यावर तुटून पडतो, काठावरून मासेमारी करणाऱ्याला याहून सोपं काही नाही. तो खाली बुडताना दोन्ही टोकं डोलवत जातो, तोपर्यंत ठीक. पण मासा लागला नाही म्हणून आपण तो भराभर परत ओढतो, तेव्हा तो पंख्यासारखा फिरतो. शनिवार सकाळभर वॅकी, प्रत्येक फेकीनंतर पंखा. दुपारपर्यंत लाइनची वेणी. दोन उपाय: एक, परत ओढताना घाई करायची नाही, मध्येच दोनदा थांबायचं. दोन, मुख्य लाइन आणि लीडर (गळाकडचा वेगळा शेवटचा तुकडा) यांच्यामध्ये अगदी छोटा स्विव्हल, गळापासून दीड-दोन फुटांवर. लीडर याहून लांब ठेवला तर स्विव्हल रॉडच्या टोकाच्या कडीत घुसतो, आणि तिच्या आतलं सिरॅमिक फुटलं की ती कडी लाइन कापत बसते.

टेक्सस रिगमध्ये, म्हणजे गळाचं टोक वर्मच्या अंगात लपवतात त्या पद्धतीत, वर्म एक रेष वाकडा लागला तरी तो स्क्रूसारखा फिरतो. टोचून झाल्यावर काठाशी, डोळ्यांदेखत, दोन पावलं पाण्यातून ओढून बघा. फिरला तर काढून पुन्हा टोचा. मी शंभरदा सांगितलं तरी माझा लेक हे करत नाही, आणि मग त्याची लाइन मी सोडवते.

नवी लाइन भरताना

काहींच्या लाइनला पाण्याचा थेंब लागण्याआधीच पीळ असतो, तो घरी भरताना पडलेला.

मोनो किंवा फ्लोरो भरताना विकतची चकरी जमिनीवर आडवी ठेवायची, लेबल वर. लाइन तिच्यावरून वेटोळ्यांनी सुटेल. रील हातात, लाइन ओल्या फडक्याच्या चिमटीतून. दहा-पंधरा फेरे गुंडाळले की थांबा आणि लाइन सैल सोडा. ती जमिनीवर शांत पडली तर चालू ठेवा. वळवळायला लागली तर चकरी उलटी करा, लेबल खाली, आणि परत तपासा. चकरीत पेन्सिल घालून ती दुसऱ्याला धरायला लावावी की अशी आडवी ठेवावी, यावर तळ्याकाठी लोक तावातावाने भांडतात. मी भांडत नाही. सैल सोडून बघण्याची चाचणी करा, ज्या पद्धतीत लाइन वळवळत नाही ती पद्धत तुमची.

ब्रेड थेट स्पूलवर बांधू नका. ती गुळगुळीत धातूवर पकड घेत नाही. मासा लागला की लाइनचं अख्खं बंडल स्पूलवर गोल घसरतं, तुम्ही ड्रॅग आवळत राहता आणि काही फरक पडत नाही. ओळखायची खूण हीच: ड्रॅग पूर्ण आवळलाय, स्पूल जागचा हलत नाही, तरी लाइन येतेय. खाली दहा-पंधरा वेढे साध्या मोनोचे घाला, वर ब्रेड बांधा. महागडी ब्रेडही कमी लागते. ब्रेड भरताना ओलं फडकं चांगलं आवळून धरा, बोटाला चटका बसेल इतकं.

भरायची किती? स्पूलच्या कडेपासून साधारण तीन मिलिमीटर खाली थांबायचं. काठोकाठ भरण्याचा मोह सगळ्यांना होतो, कारण भरलेल्या स्पूलवरून लांब फेक जाते. जाते खरी, पण काठोकाठ भरलेल्या दुधाच्या पातेल्यासारखी ती लाइन जरा धक्का लागला की ओसंडते. उलट फार कमी भरली तर कडेला घासून फेक आखूड होते. गुंता मात्र नाही.

आणि जाड लाइन. ‘मोठा मासा लागला तर?’ म्हणून २५०० च्या रीलवर बारा-चौदा पौंडी फ्लोरो भरणारे बरेच भेटतात. फ्लोरो मुळात ताठ. एप्रिलच्या थंड सकाळी ती तारेसारखी होते, छोट्या स्पूलच्या वेढ्यात राहायला तयारच नसते, बेल उघडली की उडी मारून बाहेर. या आकाराला मोनो किंवा फ्लोरो आठ पौंडी, फार तर दहा. जास्त ताकद हवी तर दहा-पंधरा पौंडी ब्रेड, ती कितीतरी बारीक असते, आणि पुढे सहा-सात फूट आठ-दहा पौंडी फ्लोरोचा लीडर. हा लीडर गाठीने जोडायचा. त्याच्या खालच्या टोकापासून दीड-दोन फुटांवर वर सांगितलेला तो छोटा स्विव्हल येऊ शकतो. वर्षभर पडून राहिलेल्या मोनोची वेटोळी जात नसतील तर स्पूल कोमट पाण्यात बुडवून ठेवा. जुना स्वेटर उसवून लोकर धुतात तेव्हा ती सरळ होते, तसंच काहीसं. तरीही सरळ झाली नाही तर टाकून द्या, मोनो स्वस्त आहे.

पडलेला पीळ काढायचा कसा

माझे बाबा मालवणहून आले होते तेव्हाची गोष्ट. त्यांचं गरवणं म्हणजे तंगसाचा दोरा, शिशाचा गोळा, गरी, आणि गुंडाळायला रिकामी बाटली. मी रीलवर चिडलेली, ते मागे घडीच्या खुर्चीत. उठले, लाइन बोटांत धरली आणि म्हणाले, “यंत्राक कित्याक गाळी घालतंस? दोऱ्याक पीळ पडलोहा.” निदान अचूक. त्यांचा उपाय मात्र इथे चालला नाही: शिशाचा मोठा गोळा बांधून लाइन पाण्यात सोडायची आणि गोळ्याला फिरू द्यायचं. खाडीत खोल पाण्यात, होडीवरून, तो लोंबकळत फिरत असेल. कालव्याच्या पाच-सहा फुटांत तो गाळात जाऊन बसला आणि निवांत राहिला.

चालतं ते असं. लाइनच्या टोकाला काहीही ठेवायचं नाही. गळ नाही, स्विव्हल नाही, शिसं नाही. मोकळं टोक वाहत्या पाण्यात सोडायचं आणि प्रवाहाबरोबर पन्नास-साठ हात, जमलं तर शंभर, जाऊ द्यायचं. चार-पाच मिनिटं तसंच धरून ठेवायचं. मोकळं टोक पाण्यात गोल फिरत फिरत पीळ सोडून देतं. मग चिमटीतून ताण देत गुंडाळून घ्यायचं. कालव्याला प्रवाह अगदी मंद आहे, मी यासाठी रॅरिटन नदीच्या काठाला जाते. कुणाची बोट असेल तर आणखी सोपं, लाइन मागे सोडून सावकाश चालवा.

पाणीच नसेल तर मोठं मैदान. लाइनचं टोक कुंपणाला न बांधता गवतावर तसंच टाका, बेल उघडी ठेवून साठ-सत्तर पावलं चालत जा, आणि ओल्या फडक्यातून ओढत परत गुंडाळा. गवताचं घर्षण पुरतं. शेजारी बघतील. बघू द्या.

गुंता झालाच आहे, आता?

ओढू नका. हे एवढं पाळलं तर निम्मे गुंते वाचतात. हा पुंजका दिसायला भयंकर असला तरी आत बहुधा खरी गाठ नसते, एकात एक अडकलेले फास असतात. सुरगाठ असते ती. आपण घाबरून दोन्हीकडून ओढतो आणि तिची निरगाठ करतो.

पुंजक्याच्या स्पूलकडच्या बाजूने थोडी लाइन मोकळी करून घ्या. पुंजका बोटांनी फुलवा, कापूस पिंजतात तसा. जो फास सर्वांत बाहेर आलाय तो हळूच मोठा करत न्या. ब्रेडसाठी सेफ्टी पिन लागते. बांगडीत किंवा पर्सला एक पिन अडकवून ठेवण्याची आईची सवय मला लागली ती इथे उपयोगी पडते. पाच मिनिटांत सुटला नाही तर कापा, उन्हाळी सकाळ गुंत्यात घालवण्याइतकी मोठी नसते. सुटला, पण फ्लोरो किंवा मोनोवर चुणी राहिली, नखाला खरखर लागली, तरी तिथून कापाच. पुढचा चांगला मासा नेमका तिथून तोडून जातो. गाठ नव्याने मारताना आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी आवळली की फ्लोरो घर्षणाने तापते आणि कमजोर होते.

कापलेली लाइन काठावर टाकू नका. बगळ्यांच्या पायांत अडकते. बोटी उतरवायच्या बऱ्याच जागी जुन्या लाइनसाठी पांढऱ्या पाइपाच्या उभ्या पेट्या असतात, त्यात टाका. नसेल तर घरी आणून बारीक तुकडे करून कचऱ्यात.

बेटकास्टरवाल्यांसाठी दोन ओळी

तुमचा गुंता वेगळा. बेटकास्टर ह्या दुसऱ्या प्रकारच्या रीलात फेकताना स्पूलच फिरतो, आणि ल्युअर मंदावला तरी फिरत राहतो, म्हणून वेढे आतच फुगतात. रॉड आडवा धरून बटण दाबा: ल्युअर सावकाश खाली आला पाहिजे आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबला पाहिजे, तोवर बाजूचा नॉब आवळा. ब्रेक सुरुवातीला जास्त ठेवा. अंगठा ल्युअर पाण्याला टेकण्याआधी स्पूलवर. गुंता झालाच तर अंगठ्याने स्पूल घट्ट दाबून हँडलचे दोन-तीन फेरे द्या, मग बटण दाबून लाइन ओढा. बऱ्याचदा एवढ्याने सुटतो.

आणि रीलचा दोष खरंच असतो तेव्हा

वरचं सगळं करूनही त्रास राहिला तर तीन जागा बघा.

पहिली, बेलच्या टोकाचा लाइन रोलर. लाइन त्याच्यावरून नव्वद अंशांत वळते, त्यामुळे तो फिरायलाच हवा. लाइनला ताण देऊन सावकाश गुंडाळा आणि रोलरकडे बघा. अडकला असेल तर वाळू किंवा वाळलेलं शेवाळ असतं. कापसाच्या काडीने पुसा, रीलच्या तेलाचा एकच थेंब द्या. खोबरेल नको, थंडीत गोठतं. (बाबांनी दिलं होतं.)

दुसरी, रॉडच्या कड्या. कापसाचा बोळा प्रत्येक कडीच्या आतून फिरवा. जिथे तंतू अडकतील तिथे तडा आहे, ती कडी बदलायला रॉड दुरुस्तीवाल्याकडे द्या.

तिसरी, स्पूलवर लाइन कशी बसते ते. भरलेला स्पूल बाजूने बघा. वरून खाली साधारण सारखा भरलेला हवा. लाइन वरच्या कडेला ढीग करत असेल तर ती सुटताना घसरून पडणारच. स्पूल काढला की खाली दांड्यावर प्लॅस्टिकच्या पातळ चकत्या दिसतात. लाइन वर ढीग करत असेल तर एक चकती वाढवा, खाली करत असेल तर एक कमी करा. बऱ्याच रीलांच्या डब्यात जादाच्या चकत्या एका छोट्या पिशवीत येतात, आणि ती पिशवी आपण डब्याबरोबर फेकून दिलेली असते. माझ्या परत दिलेल्या पहिल्या रीलचीही गेली होती.